दुप्पट रुंदीचं शून्य

८ डिसेंबर
थोरल्या साडूकडून धाकट्यास

साडूभाऊंस नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र आहे.

पत्र अशासाठी की, मागच्या फोननंतर आपल्या दोघांच्या बायकांनी, सख्ख्या बहिणीच त्या, परस्पर ठरवून टाकलं आहे की आपण एकमेकांशी फोनवर बोलायचं नाही. लिहिताना माणूस शांत राहतो असं त्यांचं मत. तर मी शांत आहे.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्या फुलांच्या कोल्ड रूमला एक डबा बसवून दिलात. मी मागितला नव्हता. तुम्ही जेवायला आला होतात आणि हात धुता धुता म्हणालात, "अहो, या जमान्यात मशीनचा खटका अंदाजाने फिरवता? मी प्रोग्राम लिहून देतो." काम एवढंच होतं: खोली शून्याच्या खाली गेली की डब्याने मशीन थांबवायचं आणि भोंगा वाजवायचा. बाकी वेळ दारावरच्या पाटीवर तापमान दाखवायचं.

पाटीवर आठवडाभर शून्य आहे. भोंगा गप्प आहे. आणि खालच्या फळीवरच्या कळ्या काचेसारख्या कडक झाल्या आहेत. बाहेर काढल्या की तासाभरात चहाच्या चोथ्याचा रंग येतो. मी माझा काचेचा थर्मामीटर आत टांगला. तो शून्याच्या खाली जवळजवळ एक अंश दाखवतो.

कळ्यांचं सोडा. वरच्या फळीवर सासरेबुवांची पेटी आहे. त्यांच्या काळपट लाल डेलियाचे कंद. निम्मं आयुष्य घालवून त्यांनी ते वाण तयार केलं, आणि ते जगात दुसरीकडे कुठेही नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. उन्हाळ्यात ते गेले, आता पेटीत आहे तेवढंच. वरची फळी जरा उबदार असते, म्हणून कंद अजून टणक आहेत. सासूबाई रोज सकाळी विचारतात, "झोपलेत ना नीट?" मी हो म्हणतो.

तुमचा डबा खोटं बोलतो. येऊन बघा, किंवा तिथून काय ते करा.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.


१३ डिसेंबर
धाकट्या साडूकडून थोरल्यास

थोरले साडूसाहेब,

तुमचं शांत पत्र मिळालं. कागद दोन ठिकाणी पेनाने फाटला आहे, तिथे बहुधा तुम्ही जास्तच शांत झाला असाल.

डबा खोटं बोलत नाही. डब्याला तेवढी अक्कल नसते, खोटं बोलायला माणूस लागतो. सेन्सर तापमान दशांशात देतो: एक पूर्णांक सात, दोन पूर्णांक तीन, असं. तुम्हीच माझ्यासमोर उभं राहून म्हणाला होतात, "ते ठिपक्यामागचं शेपूट नको. माझी माणसं गोंधळतात. अख्खा आकडा द्या." ताई साक्षीला होत्या. म्हणून मी शेपूट छाटलं. अपूर्णांकाचा पूर्णांक करणं हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. एका शब्दाचं काम आहे. एवढ्या सोप्या गोष्टीत चूक व्हायला जागाच नसते.

तेव्हा दुसरीकडे शोधा. तुमचं दार नीट लागत नाही, खालची रबरी पट्टी लोंबते, हे मी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. तुमचा थर्मामीटर कोणत्या काळातला आहे हे मला विचारवत नाही. आणि कळ्यांना शून्य लागतं, कंदांना चार-पाच अंश लागतात, हे मला, फुलांतलं काही न कळणाऱ्या माणसाला, इंटरनेटवर दोन मिनिटांत कळलं. दोन्ही एकाच खोलीत कोंबायची कल्पना कोणाची? माझ्या प्रोग्रामची नक्कीच नाही.

ताईंना नमस्कार. त्यांना खरा, तुम्हाला रीत म्हणून.


१७ डिसेंबर
थोरल्याकडून धाकट्यास

साडूभाऊ,

तुमचं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. ते करमणुकीचं आहे. तुमची ताई भांडी विसळत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "शून्याच्या वर नऊ दशांश असेल, तर शेपूट छाटून शून्य उरणार. बरोबर. आणि शून्याच्या खाली नऊ दशांश असेल तर?"

मी म्हटलं, "तर उणे..." आणि थांबलो.

"उणे काय?" ती म्हणाली. "शेपूट छाटलं ना? मग उणे शून्य. म्हणजे शून्यच."

मग तिने नळ बंद केला आणि हात पुसून एका कागदावर रेघ काढून दाखवली, तो कागद सोबत जोडला आहे. तुमचा एक, एकपासून दोनच्या अलीकडेपर्यंत. तुमचा दोन, दोनपासून तीनच्या अलीकडेपर्यंत. प्रत्येकाला एकेक अंशाची जागा. आणि शून्य? ते वर एक अंश आणि खाली एक अंश असं दोन्हीकडे तंगड्या पसरून बसलं आहे. इतर आकड्यांच्या दुप्पट रुंद. गोठायला सुरुवात होते नेमकी तिथेच तुम्ही एवढं ऐसपैस शून्य टाकून ठेवलंत.

आणि मला सांगा, भोंगा काय बघून वाजतो? सेन्सरचा खरा आकडा बघून, की तुम्ही छाटलेला? छाटलेलाच असणार. म्हणून तो गप्प. शून्य कधी शून्याच्या खाली जातच नाही ना.

पहिल्या आठवड्यात शिकवतात म्हणालात. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही कुठे होतात?


२३ डिसेंबर
धाकट्याकडून थोरल्यास

थोरले साडूसाहेब,

पाकिटात पेन ड्राइव्ह आहे. तो डब्याच्या खालच्या खाचेत घालायचा, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की काढायचा. दिवा लुकलुकताना काढू नये. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मी तुम्हाला ओळखतो.

आत सुधारित आवृत्ती आहे. सुधारित म्हणजे आधीची चुकीची होती असं नव्हे. आधीची आवृत्ती दिलेल्या गरजेनुसार होती आणि गरज देणारा माणूस कोण, हे मागच्या पत्रात आलं आहे. ताईंचं निरीक्षण मला अर्थातच ठाऊक होतं. पूर्णांक करायच्या तीन-चार पद्धती असतात, त्यांतली सगळ्यात साधी मी तुमच्यासाठी निवडली होती, तुम्हाला साधं आवडतं म्हणून. रेघेचा कागद मी आमच्या धाकटीला दाखवला. ती बराच वेळ हसली. का, ते मी विचारलं नाही.

आता शेपूट छाटत नाही, जवळच्या पूर्णांकाकडे नेतो. नऊ दशांश असेल तर एक. उणे नऊ दशांश असेल तर उणे एक, आणि भोंगा. तुमचं तंगड्या पसरलेलं शून्य आता इतरांएवढंच झालं आहे. अर्धा अंश इकडे, अर्धा तिकडे. हा विषय माझ्याकडून संपला.

पेटी दुसरीकडे हलवलीत का? नसेलच. तुम्हाला सुचवलेली गोष्ट तुम्ही कधी करत नाही, ती स्वतः सुचल्याचं नाटक करायला तुम्हाला दोन महिने लागतात.


४ जानेवारी
थोरल्याकडून धाकट्यास

साडूभाऊ,

विषय तुमच्याकडून संपला, माझ्याकडे पाटीवर लावून ठेवला आहे. पेन ड्राइव्ह तुम्ही सांगितल्याप्रमाणे घातला आणि काढला. पाटीवर आता शून्याच्या आधी एक आडवी रेघ येते. उणे शून्य.

मला वाटलं पाटी बिघडली. पुसून बघितली. ठोकून बघितली. कामावरची माणसं जमा झाली. ज्यांना दशांश कळत नाहीत म्हणून तुम्हाला अख्खा आकडा द्यायला सांगितला होता, त्यांच्यात आता उणे शून्यावर चर्चा चालते. एक म्हणतो हे साध्या शून्याहून थंड. दुसरा म्हणतो हे आजारी शून्य आहे.

तेवढ्यात सासूबाई आल्या. चष्मा लावून पाटीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे शून्याच्या खालचं शून्य का?"

मी म्हटलं, "तुमच्या धाकट्या जावयांना विचारा."

त्या म्हणाल्या, "खोली तुमची आहे." आणि गेल्या.

भोंगा वाजला नाही. थर्मामीटर उणे चार दशांश दाखवत होता. रेघ आली म्हणजे तुमच्या डब्याला कळलं आहे की आपण खाली आहोत. कळलं आहे आणि सांगत नाही. असा नोकर मी दुसऱ्या दिवशी काढला असता.

आता मुद्द्याचं. पेटीच्या कडेचा एक कंद मऊ झाला. बोट लावलं तर आत गेलं. मी तो काढून टाकला आणि वर भुसा सारखा केला. सासूबाईंना बोललो नाही, तुम्हीही धाकटीला बोलू नका, तिच्या पोटात काही राहत नाही. पेटी हलवायला माझ्याकडे चार-पाच अंशांची दुसरी जागा नाही. असती तरी तुम्ही सांगितल्यावर हलवली नसती.


९ जानेवारी
धाकट्याकडून थोरल्यास

थोरले साडूसाहेब,

उणे शून्य हा आमच्याकडे अधिकृत आकडा आहे. जगातल्या सगळ्या संगणकांत आहे. तुमच्या नोकरमाणसांना आजारी वाटला म्हणून तो आजारी होत नाही. खालच्या बाजूने शून्यावर आलेला आकडा आपण कुठून आलो हे विसरत नाही, स्वतःचं चिन्ह जवळ ठेवतो. आपल्या कुळाचा अभिमान असलेला आकडा म्हणा. पण तुलना केली तर तो साध्या शून्याएवढाच. शून्य शून्याहून कमी नसतं, म्हणून भोंगा वाजला नाही. हे तुमच्याही शाळेत शिकवलं असेल, तुम्ही त्या दिवशी बागेत असाल.

तरीही, घरातल्यांनी तीन संध्याकाळी माझ्याशी अबोला धरल्यामुळे, दुसरा पेन ड्राइव्ह पाठवतो. यात आकडा नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातो. एक पूर्णांक नऊ असेल तरी एक. आणि शून्याच्या खाली केसभर गेलं की थेट उणे एक. छाटाछाट नाही, जवळ-लांब नाही, सरळ खाली. मशीन थांबेल, भोंगा वाजेल. तुम्हाला तो वाजायला हवा होता ना?

मऊ कंदाबद्दल मी धाकटीला काही बोललो नाही. तुमचं पत्र टेबलावर उघडं राहिलं होतं, एवढंच.


१६ जानेवारी
थोरल्याकडून धाकट्यास

साडूभाऊ,

वाजतो. सकाळी वाजतो, जेवताना वाजतो, गिऱ्हाईक गुच्छ बघत असलं की हमखास वाजतो. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाई काल खाली येऊन म्हणाल्या, "तुमच्याकडे चोर येतात की जातात?" थर्मामीटर बघावा तर शून्याला चिकटलेला. एखादा दशांश खाली असेल-नसेल. आणि पाटीवर उणे एक. आधी खोली गोठत होती तरी तुमचा डबा शून्य म्हणत होता, आता नुसती शिंक आली तरी उणे एक म्हणून बोंब मारतो.

तुमचा डबा शून्यावर मशीन थांबवतो, हे एक काम तरी धड होतं आहे म्हटल्यावर मी मशीनचा जुना गोल खटका गारव्याच्या बाजूला शेवटपर्यंत फिरवून ठेवला. म्हणजे खोली कायम शून्याला टेकून राहते आणि कळ्या टिकतात. तेवढं ठीक आहे. भोंग्याचं बघा.

सासूबाईंना मऊ कंदाचं कळलं आहे. कसं ते तुमच्या टेबलाला विचारा. त्या मला काहीही बोलल्या नाहीत. दोन दिवस माझ्या ताटात त्यांनी स्वतः वाढलं, फार प्रेमाने.


२० जानेवारी
धाकट्याकडून थोरल्यास

थोरले साडूसाहेब,

खटका शेवटपर्यंत फिरवलात. म्हणजे गाडीचा वेग वाढवणारा पाय खाली दाबून धरला आणि सगळा भार ब्रेकवर टाकला, आणि वर तक्रार की ब्रेक कर्कश वाजतो. खटका होता तिथे परत आणा, निम्मे भोंगे बंद होतील. आणणार नाही, कारण मी सांगितलं.

खरा इलाज मी तुम्हाला सांगू शकतो. मशीन अर्धा अंश वर असतानाच थांबवायचं, आणि भोंगा खोली शून्याच्या खाली जाऊन काही मिनिटं तिथेच राहिली तर वाजवायचा. पण अर्धा अंश हा आकडा अख्ख्या आकड्यांच्या गावात राहत नाही. त्यासाठी शेपूट ठेवावं लागतं. आत सगळा हिशेब शेपटासकट करायचा आणि फक्त पाटीवर, तुमच्या समाधानापुरता, अख्खा आकडा दाखवायचा. एका संध्याकाळचं काम आहे. मी ते केलेलंही आहे. पेन ड्राइव्ह माझ्या खणात आहे.

तो पाठवीन. त्याआधी मला तुमच्या हातचं एक वाक्य हवं: "अख्खा आकडा मी मागितला होता." एवढंच. सही करा, तारीख घाला. बारा वर्षं या कुटुंबात प्रत्येक बिघडलेली वस्तू शेवटी माझ्या नावावर लागते. सासरेबुवांचा रेडिओ, ताईंचा मिक्सर, तुमचं गेट. एक वस्तू तुमच्या नावावर लागलेली मला बघायची आहे.


२५ जानेवारी
थोरल्याकडून धाकट्यास

साडूभाऊ,

वाक्य मिळणार नाही. मी आकडा मागितला होता. तो कसा करायचा हे तुम्हाला कळत असेल असं मी धरून चाललो, तेवढी एक चूक मी मान्य करतो, आणि ती तुमच्याबद्दलच्या आदरापोटी झाली.

पेन ड्राइव्ह खणातच ठेवा, तिथे तो कोणाचं नुकसान करणार नाही.

उद्या आम्ही तिघं, सासूबाई धरून, दोन दिवस बाहेरगावी लग्नाला जातोय. माणसांनाही सुट्टी दिली आहे. भाडेकरू बाईंनी आत्ताच बजावून ठेवलं आहे की रिकाम्या घरात भोंगा वाजला तर त्या पोलीस बोलावतील. तेव्हा भोंग्याचा बंदोबस्त मी माझ्या पद्धतीने केला आहे. त्याला प्रोग्राम लागला नाही, पक्कड लागली. त्यानंतर पाच मिनिटं खोलीच्या दाराशी उभा राहिलो. किती दिवसांनी शांतता होती. तुमच्या डब्याने पहिल्यांदाच मला काही सुख दिलं.


२ फेब्रुवारी
धाकट्याकडून थोरल्यास

थोरले साडूसाहेब,

आठवडा झाला, तुमचं पत्र नाही. फोनवर ताई धाकटीशी बोलतात, तेव्हा धाकटी उठून दुसऱ्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. बाहेर आल्यावर मला सांगत काही नाही. यावरून मी एवढाच निष्कर्ष काढतो की भोंगा थांबला आहे, कळ्या ठीक आहेत, आणि हे माझ्यासमोर कबूल कसं करायचं यावर तुमच्याकडे खल चालू आहे.

घाई नाही. तुमचं कबुलीचं वाक्य सवडीने पाठवा. मला एवढंच नोंदवायचं आहे की शेवटची आवृत्ती बसवल्यावर, तुमच्या शब्दांत, शांतता पसरली. माझ्या धंद्यात शांततेसारखी दुसरी पावती नाही.

कंदांची वाटणी वसंतात करायची ठरली होती. आमच्या गच्चीवर मोठी कुंडी आणून ठेवली आहे. मातीही आणली. तुमच्याकडच्यापेक्षा चांगली आहे.


६ फेब्रुवारी
सासूबाईंकडून दोन्ही जावयांस

दोन्ही जावयांना आशीर्वाद. ते द्यावेच लागतात.

हेच पत्र मी दोनदा लिहिते आहे, एकेकाला एक. एकच लिहून तुम्हाला वाटून घ्यायला सांगितलं असतं, तर ते कोणी फाडलं यावर पुढचा महिना गेला असता.

तुमची सगळी पत्रं मी वाचली. थोरलीने आणि धाकटीने आपापल्या नवऱ्याच्या कपाटातून काढून दिली. धाकट्या जावयांना अजून काही कळलेलं दिसत नाही, तर आधी ते सांगते.

आम्ही लग्नाहून परतलो तेव्हा पाटीवर उणे सात होतं. कळ्यांचे दगड झाले होते. वायरमनला बोलावलं. तो डबा उघडून म्हणाला, "भोंगा आणि मशीन थांबवायची तार, दोन्ही एकाच प्लगवर आहेत. कोणी केलं हे?" थोरले म्हणाले, "आमच्या साडूंनी." मग तो म्हणाला, "आणि प्लग उपटला कोणी?" तेव्हा थोरले माझ्याकडे बघायला लागले. खटका शेवटपर्यंत फिरवलेला, थांबवणारं कोणी नाही, मशीन दोन दिवस आपलं काम इमानाने करत राहिलं. दोन्ही एका प्लगवर आहेत हे एवढ्या पत्रांत एकदाही तुम्ही लिहिलं नाहीत, धाकटे. लिहायला जागा कमी पडली असं दिसत नाही. आणि प्लग उपटताना तो कसला आहे हे तुम्हाला विचारता आलं असतं, थोरले. पण विचारलं असतं, तर त्यांना काहीतरी जास्त कळतं असं झालं असतं. खणातला इलाज खणात राहिला, आणि वाक्य तुमच्या घशात.

धाकटे, तुम्ही आकड्याला शेपूट आहे की नाही यावर पानं भरलीत. कंद कसे आहेत हे एकदाही विचारलं नाहीत. थोरले, तुम्ही ते सांगितलंत, पण मला नाही, त्यांना. आणि ते मला वाईट वाटू नये म्हणून नव्हे, त्यांना वाईट वाटावं म्हणून.

पेटी मी स्वतः उपसली. थोरलीने मदत करू का विचारलं, तिला नको म्हटलं. भुसा परातीत काढत गेले आणि एकेक कंद हातात घेऊन दाबून बघितला. कडेचे सगळे गेले. त्यांच्या आतले गेले. हातात घेतले की पाणी सुटायचं. मधोमध, सगळ्यांच्या पोटात, एक राहिला आहे. मुठीएवढाही नाही. त्याला एकच डोळा आहे, म्हणजे कोंब एकाच जागी फुटेल. कापून दोन करता येणार नाही. कापला तर दोघांकडेही काही उरणार नाही, एवढा हिशेब मला येतो.

आता तुम्ही म्हणाल, सासरेबुवा असते तर. मी त्यांच्याबरोबर संसार केला आहे, तेव्हा ऐका. त्यांच्याकडे खोली नव्हती, डबा नव्हता, जिन्याखाली लाकडी पेटी होती. ती पेटी दर हिवाळ्यात एखाददुसरा कंद खायची. मग घरात चौकशी बसायची. पेटी कोणी सरकवली, भुसा ओला कोणी केला, जिन्याखालचं दार कोणी उघडं टाकलं. शेवटी ते सगळं मीच केलेलं निघायचं. माणूस फुलांत हळवा होता आणि कंदांच्या बाबतीत न्यायाधीश. तेव्हा मला तुमचं काही नवीन नाही. फरक एवढाच की त्यांना दोष द्यायला मी पुरायचे. तुम्ही एकमेकांना आहात.

थोरले, तुम्ही काल म्हणालात की कंद इथेच राहिला पाहिजे, कारण इथली माती त्याला ठाऊक आहे. धाकटे, तुमचा काल फोन आला, तुम्ही आजारी आहात का असं मला आधी वाटलं, इतकं गोड बोलत होतात. गच्चीवर ऊन चांगलं येतं म्हणालात. तुम्हाला कंदाचं कळलेलं नव्हतं, पण वाटणीचं बरोबर आठवत होतं.

कंद कोणाकडेही जाणार नाही. मी परवा माझ्या बहिणीकडे राहायला जाते आहे, आणि तो माझ्याबरोबर येतो आहे, लोकरीच्या मोज्यात भुसा भरून. तिच्याकडे कोल्ड रूम नाही, संगणक नाही आणि जावई नाही. गारठा किती आहे हे ती खिडकीबाहेर हात काढून बघते. तिचा हात चुकला तर कंद मरेल. पण मग तो आमच्या हातून मेलेला असेल, आणि कोणाच्या हातून यावर आम्ही दोघी बसून रडू, भांडणार नाही.

जगला आणि फूल आलं, तर थोरलीला आणि धाकटीला बोलवीन. वडिलांचं फूल आहे, मुलींनी बघावं.

तुम्ही दोघं मात्र पत्रं लिहीत राहा. मी ती सगळी वाचली, म्हणून सांगते. तुम्ही लिहीत असता तेवढा वेळ तुमचा हात दुसऱ्या कशाला लागत नाही.